पालकांनी फाटकाबाहेर थांबावे

शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्ताची स्वतःची एक मराठी असते. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.’ ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते ठराव मंजूर.’ सूचक अमुक, अनुमोदक तमुक, मग आयत्या वेळचे विषय, शेवटी आभार आणि चहापान. वही इतकी नेटकी असते की वाचणाऱ्याला वाटावं, गावात लोकशाही ओसंडून वाहतेय. जिल्हा परिषदेच्या शाळांशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे, त्यांना या वहीचा दुसरा प्रवासही ठाऊक असतो. सभेला चारच जण आलेले असतात. गणपूर्तीसाठी मग ती वही दुसऱ्या दिवशी चौथीतल्या एखाद्या पोराच्या दप्तरातून घरोघर फिरते. आई भाकरी टाकता टाकता हात पुसते आणि पोरगं बोट ठेवील तिथं सही करते. कशावर सही केली हे ती विचारत नाही, शाळाही सांगत नाही.

या सहीला सरकारी भाषेत लोकसहभाग म्हणतात. शाळा आणि पालक यांच्यातल्या विश्वासाचा आढावा घ्यायचा तर तो या सहीपासूनच सुरू करावा लागतो, कारण कायद्यानं द्यायचं ते बहुतेक देऊन झालेलं आहे. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याच्या कलम २१नुसार समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कारभारावर देखरेख, विकास आराखडा, आलेल्या अनुदानाचा हिशेब ही कामं समितीची. महाराष्ट्रात मुख्याध्यापक हा समितीचा सचिव आणि अध्यक्ष पालकांपैकी. म्हणजे कागदावर गुरुजी हे गावाचे चिटणीस. प्रत्यक्षात अध्यक्षच गुरुजींना विचारतो, ‘सही कुठं करू?’

अनुदानित शाळांत ही समिती फक्त सल्ला देते आणि विनाअनुदानित खासगी शाळांना तर हे कलमच लागू नाही. त्यांच्यासाठी राज्याचा शुल्क नियमनाचा २०११चा कायदा आहे. त्याकडे पुढे येतो.

समित्या स्थापून विश्वास का येत नाही, याचा एक चांगला अभ्यास उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, ‘प्रथम’ या संस्थेच्या रुक्मिणी बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी तो केला आणि २०१०मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा तिथं ग्राम शिक्षण समित्या होत्या. बहुतेक पालकांना अशी काही समिती असते हेच माहीत नव्हतं आणि काही सदस्यांना आपण सदस्य आहोत याचा पत्ता नव्हता. मग काही गावांत सभा घेऊन लोकांना हक्क समजावून सांगितले. काही गावांत एक पाऊल पुढे जाऊन, आपल्या मुलाला वाचता येतं का हे तपासायचं कसं, तेही लोकांना शिकवलं. सरकारी शाळेतला पालकांचा सहभाग जागचा हलला नाही आणि शिक्षकांच्या कामातही फरक पडला नाही. तिसऱ्या प्रकारच्या गावांत मात्र याखेरीज गावातल्या तरुणांना वाचनवर्ग घ्यायचं प्रशिक्षण दिलं होतं. तिथं तरुण पुढे आले, वर्ग भरले आणि वर्गात आलेली मुलं वाचू लागली. मी त्याचा अर्थ असा लावतो: लोक मुलांसाठी राबायला तयार असतात, पण ज्या गुरुजींच्या हातात आपलं पोर रोज सहा तास असतं, त्यांच्याशी वाकडं घ्यायला तयार नसतात. समिती त्यांच्याकडून नेमकं तेच मागते.

या प्रश्नावरचं सर्वांत भक्कम काम अमेरिकेतल्या शिकागोचं आहे. तिथं १९८८च्या कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेला स्थानिक परिषद मिळाली. त्या परिषदेत पालकांचं बहुमत होतं आणि मुख्याध्यापक नेमण्याचा अधिकारही तिच्याकडे होता. आपल्या एकाही समितीच्या स्वप्नात न येणारा हा अधिकार. तरी काही शाळा सुधारल्या, काही होत्या तिथंच राहिल्या. अँथनी ब्राइक आणि बार्बरा श्नायडर यांनी नव्वदच्या दशकातली या शाळांची आकडेवारी घेऊन २००२मध्ये पुस्तक लिहिलं. ज्या शाळांत शिक्षक, पालक आणि मुख्याध्यापक यांचा एकमेकांवर विश्वास होता, त्यांतली दोनातली एक शाळा सुधारलेल्यांच्या यादीत होती. जिथं तो नव्हता, तिथं सातातली एक. आता विश्वासामुळे शाळा सुधारते की सुधारत्या शाळेवर विश्वास बसतो, ही शंका कुणीही काढील, आणि ती अशा आकड्यांनी पुरती फिटत नाही. मला त्या पुस्तकातली महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. शाळेत सगळे एकमेकांवर अवलंबून असतात, पण सारखे अवलंबून नसतात. पालक, विशेषतः गरीब पालक, सर्वांत उघडा पडलेला असतो. म्हणून विश्वासाची सुरुवात करायची ती ज्याच्या हातात जास्त आहे त्यानं, म्हणजे मुख्याध्यापकानं.

आपल्याकडे नेमकं उलटं मागितलं जातं. ‘पालकांनी शाळेवर विश्वास ठेवावा’ असं वार्षिक सभेत सांगितलं जातं आणि फाटकावर पाटी असते, ‘पालकांनी फाटकाबाहेर थांबावे’. सुरक्षेसाठी ती पाटी लागत असेल, मान्य. पण शाळेनं पालकांवर कधी, कशासाठी विश्वास टाकला याची यादी कुणी केली तर ती फार लांबणार नाही.

जुन्या लोकांतल्या काहींना हे कळत होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. तो सक्तीचा मार्ग. दुसरा मार्ग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा. १९४५मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम सुरू झालं तेव्हा वारली पाड्यांतली मुलं शाळेत येईनात, कारण ती शेळ्या-गुरं राखायला जात. ‘मुलं शाळेत पाठवा’ असं आईबापांना सांगत बसण्याऐवजी या बायका शाळाच कुरणात घेऊन गेल्या. तिचं नावही कुरणशाळा. लहानग्यांसाठी पाड्याच्या अंगणात वर्ग भरला, ती अंगणवाडी. आई घरातलं काम करता करता बघू शकत होती की बाई आपल्या पोराचं काय करतात. विश्वास कमवायचा तर आपलं काम दुसऱ्याच्या अंगणात, त्याच्या डोळ्यांदेखत करून दाखवावं, हे अंगणवाडी या शब्दातच होतं. तो शब्द आता सरकारी योजनेचा झाला आहे आणि अंगण बहुतेक ठिकाणी सिमेंटच्या खोलीत गेलं आहे.

मुख्याध्यापकानं हे करावं, ते करावं असं म्हणण्याआधी मुख्याध्यापक आहे तरी कोण, हे बघायला हवं. इंग्रजीतली व्यवस्थापनाची पुस्तकं ज्या शालेय नेतृत्वाबद्दल बोलतात, ते आपल्याकडच्या हजारो शाळांत अस्तित्वातच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत पट १५०च्या वर गेला तरच मुख्याध्यापकाचं स्वतंत्र पद मिळतं, सहावी ते आठवीसाठी १००च्या वर. डोंगरातल्या, वाड्यावस्त्यांवरच्या दोन शिक्षकी शाळेत जो सेवाज्येष्ठ तो ‘प्रभारी’. तो दोन-तीन इयत्ता एकत्र शिकवतो, पोषण आहाराचा तांदूळ मोजतो, संगणकावर माहिती भरतो, निवडणुकीच्या याद्या करतो आणि केंद्रप्रमुखाचा फोन आला की ‘तातडीची माहिती’ पाठवतो. त्याला पालकांशी नातं जोडायला वेळ कधी असतो? तर मूल आजारी पडून घरी गेलं तेव्हा, बाजारच्या दिवशी, लग्नात, मयताला. शाळेच्या गावातच राहणारे गुरुजी आणि तालुक्याहून मोटारसायकलवर येणारे गुरुजी यांच्यात लोक फरक करतात तो इथं. मुख्यालयी राहण्याच्या सक्तीवरून सरकार आणि शिक्षक संघटना वर्षानुवर्षं भांडत आहेत आणि खोट्या दाखल्यांवर तो प्रश्न मिटवला जातो. घरभाडं, बायकोची नोकरी, स्वतःच्या मुलांची शाळा अशी शिक्षकांची बाजूही खरी आहे. पण सायंकाळी साडेपाचनंतर गावात न दिसणाऱ्या माणसाला पालकसभेत माणसं जमवता येत नाहीत, हेही तितकंच खरं.

समितीवर विश्वास टाकला तर काय होतं आणि काढून घेतला तर काय होतं, याचं उदाहरण राज्यानंच दिलं. गणवेश पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती घ्यायची. कापड गावातल्या किंवा बाजारच्या दुकानातलं, शिवणारा ओळखीचा, पोराचं माप समोर. त्यात गैरप्रकार होत नव्हते असं नाही. पण बटण तुटलं तर कुणाकडे जायचं हे आईला माहीत होतं. ‘एक राज्य, एक गणवेश’ आल्यावर २०२४-२५मध्ये कापड वरून आलं, कापलेल्या तुकड्यांत, आणि शिवण बचत गटांकडे गेली. अनेक ठिकाणी स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश नव्हता. आला तो कुणाला आखूड, कुणाला ढगळ. दारात येऊन विचारणाऱ्या पालकांना मुख्याध्यापक काय सांगणार? ‘वरून आलंय.’ डिसेंबर २०२४मध्ये शासनानं तो अधिकार समित्यांना परत दिला. ‘वरून आलंय’ या दोन शब्दांनी मुख्याध्यापकाची जेवढी पत गेली असेल, तेवढी त्याच्या स्वतःच्या एखाद्या चुकीनं गेली नसती असं मला वाटतं. चूक कबूल करता येते. वरून आलेल्याचं काय करायचं?

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचंही तसंच. २०२३मध्ये अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची कल्पना पुढे आली तेव्हा राज्यात अशा शाळा १४ हजारांहून अधिक होत्या. शाळा राहणार की जाणार हे गुरुजींनाच माहीत नसेल, तर पालक पुढच्या जूनमध्ये पोराला इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत बसवणारच.

याच्या उलट टोकाला वाबळेवाडी. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या या लहान वस्तीवर दत्तात्रय वारे मुख्याध्यापक असताना जिल्हा परिषदेची शाळा लोकांनी उचलून धरली, इतकी की बाहेरगावच्या पालकांची प्रवेशासाठी रांग लागली. पुढे ते खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेत गेले. ती शाळा पटाअभावी बंद पडायच्या बेताला आलेली. २०२५मध्ये तिनं जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या एका स्पर्धेत लोकांच्या मतांनी दिला जाणारा पुरस्कार मिळवला. दोन्हीकडे पालकांनी पैसे, श्रम, वेळ दिला, आणि तोही आधी नाही, तर शाळेत काही घडताना दिसल्यावर. या यशाकडे बघताना एक प्रश्न टोचत राहतो. एकच माणूस दोन गावांत हे करू शकतो, याचा अर्थ श्रेय माणसाचं आहे. मग तो बदलून गेल्यावर गावाकडे काय उरतं? जिल्हा परिषदेच्या बदल्यांच्या व्यवस्थेत पालकांच्या विश्वासाला कुठलाही रकाना नाही. सेवेची वर्षं मोजतात, अंतर मोजतात, पती-पत्नी एकत्रीकरण मोजतात.

शहरात चित्र वेगळं आहे, फाटक तेच आहे. इथं भांडण पैशाचं. शुल्क नियमनाच्या कायद्यानुसार प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती हवी, समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि फी तिच्या संमतीनं ठरायची. अध्यक्ष मात्र मुख्याध्यापक. २०१८च्या दुरुस्तीनंतर एकट्यादुकट्या पालकाला फीविरुद्ध दाद मागता येत नाही, २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. हजार मुलांच्या शाळेत अडीचशे आईबाप एकत्र आणून दाखवा. म्हणून ते व्हॉट्सअ‍ॅपवर जमतात. कोरोनाच्या काळात ऑनलाइन वर्गाची लिंक थकलेल्या फीसाठी अडवली जाणं, निकाल राखून ठेवणं, दाखला न देणं हे प्रकार झाले. ऑगस्ट २०२१मध्ये शासनानं फी १५ टक्के कमी करायला सांगितली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. या सगळ्यातून पालकांनी शिकलेला धडा असा की शाळा आणि आपण यांच्यातला खरा कागद म्हणजे पावती.

शाळेलाही शिक्षकांचे पगार असतात, इमारतीचं भाडं असतं, शासनाकडून पंचवीस टक्के राखीव जागांची थकलेली भरपाई असते. हे आकडे पालकांसमोर मांडणारा मुख्याध्यापक विरळा. फी वाढवायची तर जमाखर्च फळ्यावर लिहून दाखवावा, एवढं साधं काम. ते टाळलं जातं, कारण शाळा चालवणाऱ्यांना वाटतं, एकदा हिशेब दाखवला की पालक डोक्यावर बसतील. पालक डोक्यावर बसलेलेच असतात. फक्त रात्री अकरा वाजता, त्या दुसऱ्या ग्रुपवर, ज्यात वर्गशिक्षिका नसते.

आणि मग बदलापूर. ऑगस्ट २०२४मध्ये एका शाळेतल्या दोन लहान मुलींवर सफाई कर्मचाऱ्यानं अत्याचार केल्याचं उघड झालं, पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी तासन्‌तास पोलीस ठाण्यात थांबावं लागलं, आणि २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. दिवसभर गाड्या बंद होत्या. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि शाळेनं पोलिसांना का कळवलं नाही असं विचारलं. मुलांवरच्या लैंगिक अपराधांचा कायदा अशी गोष्ट कळवणं बंधनकारक करतो. त्यानंतर आदेश निघाले: सीसीटीव्ही, तक्रारपेट्या, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी. ‘सखी सावित्री’ समित्यांचा आदेश तर २०२२चाच होता, तो धूळ झटकून पुन्हा वाचला गेला. हे सगळं हवंच. पण शाळेचं नाव खराब होईल या भीतीनं जी गप्प बसायची सवय शाळांना आहे, तिच्यावर कॅमेरा बसवता येत नाही. मूल घसरगुंडीवरून पडून कपाळाला खोक पडते तेव्हा शाळा आईला फोन करते की संध्याकाळी न्यायला आल्यावर ‘थोडं लागलंय’ म्हणते? डब्यात अळी निघाली तर त्याच दिवशी पालकांना कळतं की मूल घरी सांगतं म्हणून कळतं? पोषण आहाराच्या चव नोंदवहीत वर्षभर रोज ‘चव चांगली’ लिहिलेलं असतं. एखाद्या दिवशी ‘खिचडी करपली, पुन्हा केली’ असं ज्या वहीत लिहिलेलं सापडेल, ती वही मी खरी मानीन. लहान वाईट बातमी शाळा स्वतः सांगते असा अनुभव असेल तरच मोठ्या प्रसंगी तिचं बोलणं ऐकून घेतलं जातं.

सर्वांत लहान वाईट बातमी म्हणजे अभ्यासाची. तिच्याबाबत आपल्या शाळा फार गोड बोलतात. आठवीपर्यंत नापास न करण्याच्या धोरणात मूल मागे पडलं तर त्याला आधार द्यायचा होता. झालं असं की प्रगतिपुस्तकात ‘ब’ श्रेणी आणि शेरा ‘प्रगती समाधानकारक’, आणि पाचवीतल्या मुलाला दुसरीचा परिच्छेद वाचता येत नाही. हे वास्तव ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणारे ‘असर’चे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, पण त्या मुलाच्या आईला कुणी सांगितलेलं नसतं. कोरोनानंतर देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळांतली मुलं वाढली होती. २०१८मध्ये सहा ते चौदा वयाची ६५.६ टक्के मुलं सरकारी शाळांत होती, २०२२मध्ये ७२.९ टक्के. २०२४मध्ये आकडा परत ६६.८वर आला. पैसा हातात आला तसे लोक निघून गेले, असं म्हणता येईल. पण या काळात दारात आलेल्या पालकाला थांबावंसं वाटेल असं आपण काय केलं, हे शाळांनी स्वतःला विचारायला हवं.

थोडी आशा जिथं दिसते ते काम गाजावाजा नसलेलं आहे. शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ मेळाव्यांत पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे गट केले जातात. गटातली एक लीडर माता. शाळेतून किंवा फोनवर आठवड्याला एक साधी कृती येते: कडधान्यं वेगळी करा, गोष्ट सांगा, पानं मोजा. आया एखाद्या ओट्यावर मुलांना घेऊन बसतात. त्यांना इथं देखरेख करायची नाही, सही करायची नाही, कुणाला जाब विचारायचा नाही. जौनपूरनं जे दाखवलं तेच: करायला काही दिलं की माणसं येतात. शाळेनं या बायांना ‘तुम्ही शिकवू शकता’ असं म्हणणं, हा शाळेनं पालकांवर टाकलेल्या विश्वासाच्या यादीतला एक ठोस मुद्दा. सगळीकडे हे गट चालतात असं मुळीच नाही. बऱ्याच ठिकाणी मेळाव्याचा फोटो वर गेला की गट संपतो. जिथं बाई पंधरा दिवसांनी ओट्यावर चक्कर टाकतात, तिथं टिकतो.

आणि एक जागा अशी आहे जिथं पालकांना विश्वास टाकावाच लागतो, दुसरा पर्याय नाही. बीड, जालना, अहिल्यानगरच्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, कोयता बांधलेला. मूल बरोबर नेलं तर शाळा सुटते, फडावर शिक्षण हमी कार्ड घेऊन पोहोचलेलं मूल तिथल्या शाळेत बसतंच असं नाही. मूल मागं ठेवलं तर आजीकडे, आणि जेवणाची सोय हंगामी वसतिगृहात. ते वसतिगृह कागदावर शाळा व्यवस्थापन समितीच चालवते, म्हणजे प्रत्यक्षात मुख्याध्यापक. सकाळचा नाश्ता, रात्रीचं जेवण, आजारी पडलं तर दवाखाना. पाच-सहा महिने.

मंजुरीचं पत्र आणि पैसे अनेकदा टोळ्या गेल्यानंतर येतात. त्यामुळे गाडी भरायच्या आदल्या रात्री बाप गुरुजींच्या दारात येतो आणि विचारतो, पोराला ठेवू का नेऊ? गुरुजींच्या हातात तेव्हा आदेश नसतो. दुकानदार उधारीवर तांदूळ-डाळ देईल का, स्वयंपाकाला कोण येईल, पत्र महिनाभरात आलं नाही तर काय, हा सगळा हिशेब डोक्यात करून त्यांना हो किंवा नाही म्हणायचं असतं. काही जण म्हणतात, ‘पत्र आल्यावर बघू.’ काही जण म्हणतात, ‘ठेव.’ पहाटे ट्रक निघतो तेव्हा कोणत्या गावातली किती पोरं मागं राहिली, ते त्या गावात आदल्या रात्री काय बोललं गेलं त्यावर ठरलेलं असतं.